मधली बाटली

जर्मनीहून परत आलेल्या तीन बाटल्या मुकांदूने टेबलावर ओळीने मांडल्या आणि त्यांच्यावर ओलं फडकं टाकलं. आमच्या शेडमध्ये मधाचं भांडं पाच मिनिटं जरी उघडं राहिलं तरी माश्या सगळं गाव घेऊन येतात. मग ती मागच्या दारात जाऊन उभी राहिली. अंगणात न्याकापेंडाआत्याचं मेण उकळत होतं. नोव्हेंबरचं ऊन सकाळी नऊलाच अंगावर यायला लागलं होतं.

"तुझा बाप कुठंय?" आत्याने चुलीपासूनच विचारलं.

"ओढ्यावर."

"आज पण? काय ठेवलंय गं त्या ओढ्यावर? बायका तिथं कसाव्याचे कंद मुरत घालतात. आपण नाक धरून पळतो, आणि हा जाऊन बसतो!"

"बसू दे ना आत्या. परत आले की हे सगळं आहेच त्यांच्यामागे."

आत्याने पोत्यात भरलेलं उकळतं पोळं दोन काठ्यांमध्ये धरून पिळलं. पिवळं मेण ॲल्युमिनियमच्या परातीत पडलं. लोखंडाच्या भांड्याला ती हात लावत नसे. त्यात मेण काळवंडतं आणि मग परदेशातला कोणी त्याला विचारत नाही. तीस वर्षं ती हेच करत होती आणि तीस वर्षांत तिचं मेण एकदाही परत आलेलं नव्हतं. परत आला होता तो मध, तिच्या भावाने पास केलेला.

बाटल्यांसोबत आलेलं जर्मन खरेदीदाराचं पत्र मुकांदूला पाठ झालं होतं. सात आणि नऊ क्रमांकाच्या पिंपांना धुराचा वास आहे. हा मध कोणाचा ते शुक्रवारपर्यंत कळवा आणि ते नाव यादीतून काढा, मग पुढच्या हंगामाचं बोलू. नाव मिळालं नाही तर मात्र तुमच्याकडून खरेदी बंद. खाली तिच्या कुटुंबाला शुभेच्छाही दिल्या होत्या.

आज शुक्रवार होता. यादीत दोनशे बारा मधवाले होते.

सात आणि नऊ ही पिंपं लुवाकू ओढ्याच्या बाजूची. तिकडचे मधवाले अकरा जण, आणि ते अकराही जण सकाळपासून बाहेर आंब्याखाली येऊन बसले होते. त्यांतला एक न्याकापेंडाआत्याचा कापेंडा. दुसरा धाकट्या चिलोंबोआत्याचा कासांदा. म्हणजे दोन बहिणींची दोन पोरं, आणि मामा एकच, मुकांदूचा बाप सान्जिंबा. आमच्याकडे बापाचं पोराला जात नाही, मामाचं भाच्याला जातं. सान्जिंबाला ही शेड त्याच्या मामाकडून आली होती, आणि त्याच्यानंतर ती कापेंडाकडे जायची हे पंधरा वर्षांपूर्वी ठरलं होतं. चिलोंबोला ते ठरलेलं पंधरा वर्षं पटलेलं नव्हतं.

धुराचा वास लागलेल्या मधाची बादली या शेडमध्ये शिरूच नये अशी पद्धत होती. प्रत्येक बादली आधी सान्जिंबासमोर यायची. तो डोळे मिटून काडीवरचा मध चाखायचा, कुठल्या झाडाचा आणि कुठल्या ओढ्यावरचा ते सांगायचा आणि झाकणावर कोळशाची रेघ मारायचा. रेघ नसेल ती बादली माघारी. आता धुराच्या बादल्यांवर रेघ आली कशी, हा प्रश्न या तीन दिवसांत कोणीही मोठ्याने विचारला नव्हता. मुकांदूने तो मनातसुद्धा पुरता विचारला नव्हता, कारण बाप तिचा होता.

"काय गं, लुसाकात दोन वर्षं राहिलीस, एक नवरा नाही मिळाला?" कापेंडा आत येतायेताच म्हणाला. आतेभावाने अशी थट्टा करायचीच असते आमच्याकडे.

"मिळाला होता. तू माझा आतेभाऊ आहेस म्हटल्यावर पळाला."

तो हसला, पण नेहमीसारखा नाही. त्याने फडक्याचं टोक उचलून पाहिलं.

"तीन का? पिंपं तर दोनच."

"मधली चार नंबरच्या पिंपातली आहे. चांगली. ताडून बघायला पाठवलीय त्यांनी."

"मामांना सांगितलंस?"

"त्यात सांगायचं काय? झाकण उघडलं की कळेलच की."

कापेंडाने फडकं सोडलं. "सांग त्यांना," तो म्हणाला. "ते आत यायच्या आधी सांग. ऐक माझं, मुकांदू..."

"काय सांगायचंय मामाला?" दारातून चिलोंबो आली. ठेवणीतला छापील कापडाचा चितेंगे नेसली होती, लग्नाला निघाल्यासारखी. "माझ्यासमोर सांगा की. मी काय परकी आहे?"

*

सान्जिंबा ओढ्याकाठी दगडावर बसला होता. पाण्यात तीन ठिकाणी कसावा मुरत घातला होता, पाण्यावर फेस आला होता, आणि पाणी भरायला आलेल्या दोन मुली नाकाला चितेंगेचं टोक लावून, कोणाला तरी शिव्या घालत निघून गेल्या. तो वाकला, तोंड पार पाण्याजवळ नेलं आणि छाती भरून श्वास घेतला.

काही नाही.

मार्चमध्ये त्याला ताप आला होता. बारा दिवसांनी ताप उतरला आणि तो पहिल्यांदा बाहेर पडला, तेव्हा या ओढ्यावरून जाताना त्याला वाटलं, बरं झालं, यंदा बायकांनी कसावा दुसरीकडे घातला. मग त्याने पाण्यात पाहिलं, कसावा तिथेच होता. त्या दिवसापासून तो रोज येत होता. जन्मभर ज्या घाणीला त्याने नावं ठेवली, ती एकदा तरी यावी म्हणून.

मध गोड लागायचा. पण नुसताच गोड. पूर्वी त्याला मुटोंडोच्या झाडाचा मोहोर वेगळा लागायचा, ओढ्याकाठचा वेगळा, टेकडीवरचा वेगळा. आता सगळे मध सारखेच, दुकानातल्या साखरेसारखे. पहिल्या बादल्या आल्या तेव्हा त्याने विचार केला, आठ दिवसांत येईल परत. बादली आणणाऱ्याचं गाव माहीत असतं, मोहोर कुठला चालू आहे ते माहीत असतं, मग नाव सांगायला अडतंय काय? पण यंदा पाऊस लांबला, जंगलात माश्या हाकलायच्या मशालीच्या साली ओल्या झाल्या, आणि ओली साल धुमसते. हेही त्याला माहीत होतं. तरी तो रेघा मारत राहिला.

सांगणार कोणाला? बायको जाऊन चार वर्षं झाली होती. बहिणीला सांगावं तर ती रडेल, मुलीला सांगावं तर ती डॉक्टरकडे नेईल. कापेंडाला सांगणं म्हणजे आजच किल्ल्या देणं. किल्ल्या द्यायला त्याची हरकत नव्हती असं तो स्वतःला सांगायचा. द्यायचा मात्र नाही. मक्याच्या न्शिमाचा गोळा भाजीत बुडवून तो रोज एकटाच जेवायचा, आणि भाजी कसली आहे ते बघून ओळखायचा.

तो उठला आणि शेडकडे निघाला. आंब्याखाली उरलेल्या दहाही जणांनी त्याला बघून गुडघे टेकले आणि हलक्या टाळ्या वाजवून नमस्कार केला.

"आज निकाल लागू दे, मालक," त्यांतला एक म्हातारा म्हणाला. "एकाचं पाप आणि अकरा जणांच्या डोक्यावर, बरोबर नाही ते."

"लागेल," सान्जिंबा म्हणाला.

*

आत पाच जण होते, आणि पाचही घरचेच. न्याकापेंडा हात पुसत येऊन दाराशी जमिनीवर बसली. तिचा मुलगा कोपऱ्यात उभा होता. सान्जिंबा आपल्या स्टुलावर बसला.

"पत्र वाचू?" मुकांदूने विचारलं.

"पत्र तीन दिवस ऐकतोय आम्ही," चिलोंबो म्हणाली. "त्यांना नाव पाहिजे. नाव द्यायचं आणि मोकळं व्हायचं. दादा, तुझ्या जिभेला न कळण्यासारखं काय आहे त्यात? अकरा जणांचा मध तू ओळखतोस. काडी घे, चाख आणि सांग."

"पिंपात सगळ्यांचा मिसळलेला असतो," कापेंडा म्हणाला. "एकाचं नाव कसं सांगणार मावशी?"

"तू कशाला घाबरतोस? मी तुझं नाव घेतलं का?"

"घ्यायला आलीस तूच," न्याकापेंडा दारातून म्हणाली. "सकाळपासून ओठावर आहे तुझ्या. नवा चितेंगे उगाच नाही नेसलीस."

"अक्का, माझा कासांदा तरी घरी येऊन झोपतो. तुझा चार-चार दिवस जंगलात. तिथं कशी मशाल धरतो, कोणी बघितलंय?"

"कासांदाला झाडावर चढायला शिडी लागते, हे मात्र सगळ्यांनी बघितलंय."

"बस करा!" सान्जिंबा म्हणाला. दोघी गप्प झाल्या. त्याचा शब्द अजून चालत होता.

त्याने टेबलाकडे पाहिलं. मुकांदूने फडकं काढलं होतं. तीन बाटल्या, तिन्हींत तांबूस मध, तिन्ही त्याला सारख्याच. माणूस तीनांतून एक उचलतो तेव्हा बहुतेक मधलीच उचलतो. त्याने मधलीकडे बोट केलं.

"ती दे."

"बाबा, ती..."

"मला माहीत आहे," तो म्हणाला. कोणी काही शिकवायला लागलं की आजकाल त्याला धडकीच भरायची. "उघड आणि दे."

मुकांदूने झाकण काढलं. त्याने काडी बुडवली, डोळे मिटले आणि जिभेवर ठेवली.

गोड.

डोळे मिटलेले असताना बरं वाटत होतं. उघडले की नाव सांगावं लागणार होतं. परक्या माणसाचं घेतलं तर त्याचं अख्खं गाव शेडवर चालून येईल, आणि पहिला प्रश्न विचारेल, मग रेघ कोणी मारली? कासांदाचं घेतलं तर चिलोंबो हाच प्रश्न बाजारात उभी राहून विचारेल. उरला एकच. आपल्याच घरातला, वारस म्हणून नेमलेला. मामाने स्वतःच्या भाच्याला सोडलं नाही म्हटल्यावर मामाच्या जिभेवर कोण शंका घेणार? आणि तो उलट बोलणार नाही. तो कधीच उलट बोलला नव्हता.

"धूर," सान्जिंबा म्हणाला. "ओल्या सालीचा. कापेंडाचा मध आहे हा."

*

मुटोंडोच्या मोहोराचा वास सगळ्या शेडभर पसरला होता. इतका स्वच्छ की कापेंडाला तो श्वासाबरोबर घशात उतरल्यासारखा वाटला. मावशीच्याही नाकापर्यंत पोचला. तिचं तोंड उघडं होतं आणि तसंच राहिलं. मुकांदूच्या हातात झाकण होतं. आई त्याच्याकडे बघत होती, मामाकडे नाही.

आपल्याला ठाऊकच होतं, हे कापेंडाला त्या क्षणी सर्वांत जास्त टोचलं. मे महिन्यात त्याची एक बादली धुराने खराब झाली होती. मशालच पोळ्यावर पडली होती. ती त्याने मधाच्या दारूसाठी बाजूला ठेवली, आणि तो परत येईपर्यंत मामाने तीही चाखून "लुवाकूचा, वरच्या अंगाचा" म्हणत रेघ मारलेली होती. त्याने ती बादली गुपचूप उचलून नेली आणि कोणाला काही सांगितलं नाही. मग महिनाभर तो शेडमध्ये येणारी प्रत्येक बादली मामाच्या आधी हुंगत होता. जूनमध्ये मलेरियाने पंधरा दिवस झोपला, तेवढ्याच पंधरा दिवसांतल्या बादल्या हुंगायच्या राहून गेल्या. तेव्हा तोंड उघडलं असतं तर आज या बाटल्या इथे नसत्या. पण मामाला लोकांत उघडं पाडायचं? ज्याने आठव्या वर्षी झाडावर चढवलं, पडलो तर झेलायला खाली हात पसरून उभा राहिला, त्याला?

सगळे वाट बघत होते. एक वाक्य पुरलं असतं. मामा, ही चांगली बाटली आहे.

कापेंडा पुढे आला, गुडघे टेकले आणि दोनदा टाळ्या वाजवल्या.

"हो मामा," तो म्हणाला. "माझाच."

चिलोंबो उठली. पंधरा वर्षं जे मागत होती ते तिला मिळालं होतं, आणि ती कोणाकडे न बघता मागच्या दाराने निघून गेली. अंगणात उकळतं मेण आहे हेही तिच्या लक्षात आलं नाही. परातीला पाय लागला तरी ती थांबली नाही.

*

दुपारी न्याकापेंडाने भावाला न्शिमा आणून दिला. तो जेवला. ती समोर बसून राहिली.

"भाजी करपलीय," ती म्हणाली.

"हं. जराशी."

"करपलेली नाहीये, दादा."

त्याचा हात थांबला.

"ती बाटलीसुद्धा," न्याकापेंडा म्हणाली. "मधली. ती चांगल्या मधाची होती. मुकांदू सांगत होती तुला."

त्याने हातातला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाला, "कळलं सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"चिलोंबोला?"

"तिच्या तर नाकासमोर होती."

"मग कोणी बोललं का नाही?"

"तू मोठा आहेस," न्याकापेंडा म्हणाली.

ती उठली आणि ताट उचललं. दाराशी जाऊन वळली. "पाचच्या ट्रकने चाललाय तो. सोलवेझीला, खाणीवर. बायको पुढच्या महिन्यात जाईल. तू विचारलं नाहीस म्हणून सांगते."

सान्जिंबा चप्पल न घालताच निघाला. वाटेत दोघांनी नमस्कार केला तो त्याने घेतला नाही, आणि आमच्याकडे म्हाताऱ्याने असं करणं म्हणजे घरात कोणी गेलं असं समजतात. कापेंडा आपल्या घरासमोर अंगणात अंथरूण बांधत होता. दोरीची गाठ घट्ट करताना त्याचा गुडघा वळकटीवर होता. मामाला बघून तो उठला आणि स्टूल पुढे केलं. सान्जिंबा बसला नाही.

"मला वास येत नाही," तो म्हणाला. "मार्चपासून. कशाचाच नाही."

"माहीत आहे, मामा."

"माहीत आहे? कधीपासून?"

"मे महिन्यापासून."

"आणि बोलला नाहीस!"

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

सान्जिंबाला रागवायचं होतं. राग आला नाही. "आत्ता सांगतो सगळ्यांना," तो म्हणाला. "आंब्याखाली दहा जण बसलेत अजून. त्यांच्यासमोर सांगतो, जर्मनीला कळवतो, तुझं नाव यादीत राहील. शेड घे. आजच घे. सोड ते अंथरूण."

"सांगा, मामा. सांगायलाच पाहिजे. लोकांचा मध आहे."

"मग तू कशाला जातोस? मला वास येत नाही, त्याची शिक्षा मला देतोस?"

कापेंडा खाली वाकला आणि त्याने वळकटीची दुसरी दोरी ओढली. बोलला तेव्हा आवाज चढलेला नव्हता.

"वास येत नाही म्हणून नाही चाललो. ते कोणालाही होईल. तुम्हाला जिभेवर काही कळलं नाही, मामा. काहीच कळत नव्हतं. आणि तरी तोंडात आलं ते माझंच नाव."

सान्जिंबाने उत्तर शोधलं. खरं उत्तर त्याच्याकडे होतं: तू उलट बोलणार नाहीस म्हणून. ते सांगण्यासारखं नव्हतं. त्याने पुढे होऊन वळकटीचं एक टोक धरलं, कापेंडाने दुसरं धरलं, आणि दोघांनी ती नाक्यापर्यंत नेली. ट्रक भरलेलाच होता. कापेंडा वर चढला, मामाकडे बघून टाळ्या वाजवल्या, भाच्याने वाजवाव्यात तशा, एकही कमी नाही.

तिथून सान्जिंबा सरळ आंब्याखाली गेला आणि दहा जणांना उभ्यानेच सांगितलं. कोणी हसलं नाही, कोणी रागावलंही नाही. त्या म्हाताऱ्याने "अरेरे, मालक" एवढंच म्हटलं आणि सगळे उठून आपापल्या सायकली घेऊन निघून गेले. मुकांदूने अंधार पडायच्या आत पत्र पाठवलं: दोष मधवाल्याचा नव्हता, चाखणाऱ्याचा होता, आणि तो आता चाखत नाही. त्यांनी सोमवारी कळवलं की यादी चालू राहील. त्यात कापेंडाचंही नाव होतं. लुवाकूवरच्या त्याच्या मधपेट्या त्या हंगामात तशाच भरून राहिल्या, कारण वारसाच्या पेट्यांना दुसऱ्याने हात लावायचा नसतो.

न्याकापेंडाने भावाशी बोलणं टाकलं असं नाही. रोज बोलायची. मेण किती निघालं, सरपण संपलं, आज भाजी रताळ्याच्या पाल्याची आहे. त्याला कळावं म्हणून ताट ठेवताना भाजीचं नाव ती न चुकता सांगायची. मुलाचं नाव मात्र तिने त्याच्यासमोर पुन्हा कधी घेतलं नाही.